सतरा ते साडेअठरा मीटर

दगडावर पाणी पडलं आणि माझंच अक्षर वर आलं.

"ज्ञानूमामा," मी हाक मारली, "जरा इकडे या."

मामा विश्रामगृहाच्या पायरीवर बसून मशीनच्या पान्यांना तेल चोळत होते. ते लगेच उठले नाहीत. पाना फडक्यात गुंडाळला, हात पुसले आणि मग आले. मी व्हरांड्यात उकिडवी बसले होते. समोर दुसऱ्या भोकाची तिसरी पेटी, बैठकीत दाखवण्यासाठी धुवायला काढलेली, शेजारी बादली आणि हातात भिजका ब्रश. त्यांनी पेटीत पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "घासलं हुतं म्या. वाळू लावून घासलं हुतं."

एवढ्या चटकन कबुली येईल असं मला वाटलं नव्हतं. भांडायची तयारी करून हाक मारली होती, ती फुकटच गेली.

ही गोष्ट सोनघळची, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. सोनघळ हे कोयनेच्या अंगाला असलेलं तालुक्याचं गाव. तिथे भांडी हलली तर कोणी मान वर करून बघत नाही, पण किल्लारीचा भूकंप होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि लोकांचा जमिनीवरचा भरवसा उडाला होता. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींना भेगा होत्या. म्हणून नगरपालिकेने गावाबाहेर, कारवीच्या उतारावर नवी वसाहत करायचं ठरवलं. सहाशे घरं, शाळा, दवाखाना आणि एसटीचा थांबा, असं सगळं एकदम होणार होतं. सरकारची अट एकच होती, आधी जमिनीची तपासणी. ते काम पुण्याच्या सोहोनी सरांकडे आलं. मी त्यांची नवी सहायक, वय चोवीस, आणि स्वतःला भूवैज्ञानिक म्हणवून घ्यायची कोण हौस!

तपासणी म्हणजे काय, तर मशीनने, आत पाणी सोडत, जमिनीत खोल भोक पाडायचं; ते पाणी भोकातून परत वर येतं. मशीनच्या पोकळ नळीतून दगडाची गोल कांडी वर येते, मनगटाएवढी जाड. तिला कोअर म्हणतात. ती जमिनीतून ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने लाकडी पेटीच्या खणांत मांडायची, ओली करून बारकाईने पाहायची आणि कुठे काय आहे ते वहीत लिहायचं. ओली केल्याशिवाय दगडाचा खरा रंग कळत नाही. जिथे कांडी निघालीच नाही तिथे खण रिकामा ठेवायचा. रिकामा खण ही मोठी बातमी असते. तिथे काहीतरी इतकं मऊ होतं की पाण्याबरोबर वाहून गेलं, असा त्याचा अर्थ. पण ड्रिलर लोकांना रिकाम्या खणाची भारी लाज. पेटी भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर मशीनवरच्या माणसाच्या हाताला यश नाही असं म्हणतात. ज्ञानू लोहार बावीस वर्षं मशीनवर होते आणि त्यांची पेटी नेहमी भरलेली असते असं सर सांगायचे.

कामाच्या पहिल्या आठवड्यात एक भोक सात मीटरवर सोडून द्यावं लागलं होतं. मशीनचा पाया खचला म्हणून. त्याच्या कांड्या टाकाऊ होत्या, पण मी हौसेने त्यांवरही शाईच्या पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. 'सो' म्हणजे सोडलेलं, मग आकडा आणि वरची बाजू दाखवणारा बाण. ती पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी होते. आता दुसऱ्या भोकाच्या पेटीत, जमिनीखाली सतरा मीटरच्या पुढच्या खणात, अर्धवट घासलेला जांभळा 'सो' माझ्याकडे बघत होता. वर बाण, तोही उलटा.

"किती घातलंत?"

मामांनी हात पुढे करून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं आणि त्यात थोडी भर घातली. "दीड हात."

"आणि तिथे खरं काय होतं?"

"काय न्हवतं. नळी वर आली ती मोकळी. फकस्त टोकाला खालचा दगड अडाकल्याला."

"परत येणारं पाणी कसं होतं?"

मामा हातातली टोपी झटकू लागले.

"मामा, पाणी कसं होतं?"

"तांबडं," ते म्हणाले. "कुकवावानी लालबुंद. घटकाभर आलं आन मग पुन्यांदा करडं झालं."

 आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, तो भिजला की बुळबुळीत होतो. सपाट जमिनीत तो असला तर फारसं बिघडत नाही. पण कारवीच्या उतारावर दगडाचे थर नदीकडे कललेले होते. ते मीच मोजून लिहिलं होतं.

"का घातलेत दगड?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे नेली. "त्या दिवशी तुम्ही न्हवता, ताई."

त्या दिवशी मी नव्हते हे खरं होतं. माझी पाळी सकाळीच मशीनपाशी सुरू झाली, तारखेच्या दोन दिवस आधी. कारवीच्या उतारावर कारवी फक्त नावाला, झुडूप म्हणून एक नाही. गुरांनी सगळा डोंगर चाटून साफ केलेला. चार पुरुष, एक मशीन आणि मी. कळा अशा येत होत्या की उभं राहवेना. पाण्याच्या टाकीची जीप खाली निघाली तशी मी "जरा जाऊन येते" म्हणून तिच्यात बसले. मामा म्हणाले, "जावा की. काय घाई न्हाई." विश्रामगृहावर येऊन गोळी घेतली, आडवी झाले आणि डोळा लागला. परत पोचले तेव्हा चार वाजले होते. पेटी भरून तयार होती. मी ती ओलीसुद्धा केली नाही. कोरडीच बघितली, 'घट्ट काळा दगड' असं वहीत लिहिलं आणि मोकळी झाले.

सोहोनी सरांचा नियम होता की कोअर वर येताना भूवैज्ञानिकाने मशीनपाशी उभं असलं पाहिजे. "नसेल, तर ते भोक माझ्या लेखी पाडलेलंच नाही," असं ते म्हणत. वहीच्या प्रत्येक पानावर एक रकाना असतो, 'जागेवर हजर'. त्या पानावर मी माझं नाव लिहिलं होतं.

"मी नव्हते तर मशीन थांबवायचं."

"भोकात तांबडी माती लागल्यावर मशीन थांबवलं तर नळी रुतून बसती, मग ती निघत न्हाय. वढावंच लागतं." मामा पेटीजवळ खाली बसले. "आवो, सायबांनी तुमास्नी हितं आनलं त्या दिवशी माज्यासमूर काय म्हनलं ते म्या ऐकलंय. 'पहिल्यांदाच मुलीला मशीनवर पाठवतोय, बघू किती दिवस टिकते.' आसं हासून म्हनलं. मोकळा खण दिसला आसता तर पयला सवाल आला आसता, तवा मशीनवर कोन हुतं? म्या काय सांगनार? तुमची अडचन सांगू का सायबास्नी? माज्या तोंडून निगाली आसती का ती?"

 आधी मामांचा राग आला होता, आता तो कोणावर काढावा हे समजेना. या माणसाने माझ्यावर उपकार केले होते आणि त्या उपकारानेच मला अडकवलं होतं.

"आन म्या म्हनलं, आजून तीन भोकं हायती," मामा पुढे म्हणाले. "तांबडी माती आसंल तर त्यात लागंल, तवा लिवतीलच की."

पण पाचाची तीन झाली होती. नगराध्यक्षांना घाई होती आणि सरांनी दोन भोकं रद्द केली. बाकीच्या दोन भोकांत तो पट्टा लागला नव्हता. तो सगळीकडे सलग नसतो, असला तर असतो, नसला तर नाही.

"मामा, धुण्याचा दगड तिरका ठेवला," मी म्हणाले, "त्यावर साबण चोळला आणि वर पाट ठेवला. तर राहील?"

"नुस्ता ठेवला तर ऱ्हाईल."

"आणि कोणी दगडाला धक्का दिला?"

 मामांची नजर नदीपलीकडे गेली. व्हरांड्यातून तो उतार दिसायचा. चुन्याच्या फक्क्या मारून त्यावर रस्ते आखून झाले होते.

"सहाशे घरं," मी म्हणाले.

"म्या काय केलं हे?" मामा इतकंच म्हणाले, आणि मला नाही, स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशी अकराला नगरपालिकेत बैठक होती. सर परस्पर पुण्याहून येणार आणि अहवाल हातात ठेवणार होते. तो टाइप होऊन तयार होता. त्यात शेवटी लिहिलं होतं, जागा योग्य आहे. मी मामांना म्हणाले, "उद्या मी उभी राहून सगळं सांगणार. दगड घातलेले आहेत हे, आणि मी हजर नव्हते हेही." मामा म्हणाले, "नोकरी जाईल तुमची." मी म्हणाले, "जाऊ दे." त्या क्षणी मला ते अगदी मनापासून वाटत होतं, हे आजही सांगते. संध्याकाळी अंघोळीच्या पाण्याची वाट बघत मी ती दोन वाक्यं पाठसुद्धा केली. पहिलं वाक्य दगडाचं आणि दुसरं माझं.

सरांची जीप वाटेत बंद पडली आणि ते पोचले साडेअकराला, थेट सभागृहातच. मी जिन्यात गाठून म्हटलं, "सर, एक सांगायचंय." ते म्हणाले, "नंतर, नंतर. फायली आणल्यास ना?"

लांबलचक टेबल, त्याभोवती पंधरावीस माणसं. मधोमध नगराध्यक्ष हिंदुराव निकम. उंचनिंच गडी, पांढरी टोपी, आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरावीत. त्यांना वाईट ठरवणं मला सोयीचं झालं असतं, पण ते वाईट नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घराची पूर्वेची भिंत पडली होती आणि म्हातारी आई तीन वर्षं अंगणात मांडवाखाली झोपत होती. मामा आणि दुसरा एक कामगार दुसऱ्या भोकाच्या दोन पेट्या घेऊन दाराशी उभे होते. पेट्या दाखवायची पद्धत असते. लोकांना दगड बघितला की बरं वाटतं.

सरांनी अहवाल पुढे सरकवला तशी मी उभी राहिले.

"सर, थांबा," मी म्हणाले.  "हा अहवाल देता येणार नाही. दुसऱ्या भोकातला सतरा ते साडेअठरा मीटरचा कोअर खरा नाही. त्यात दीड हात दगड टाकाऊ भोकातला आणून भरलाय. तिथे बहुतेक तांबडी माती आहे. तसं असेल तर मोठ्या धक्क्यात वरचा सगळा उतार सुटून खाली येऊ शकतो."

पहिलं वाक्य झालं होतं. मी दुसऱ्यासाठी श्वास घेतला, पण तोवर टेबलाभोवती एकच कल्ला उडाला. कोणी म्हणे, "आता सांगताय?" कोणी म्हणे, "फक्क्या मारून झाल्या."  सर उठून पेटीपाशी गेले, कांडी उचलली, तिच्यावरचा जांभळा 'सो' पाहिला आणि कांडी परत जागेवर ठेवली.

हिंदुरावांनी हात वर केला तशी सगळी गप्प झाली.

"म्याडम, बसू नगा, उभ्याच ऱ्हावा," ते म्हणाले. "मला आडाण्याला एक समजून सांगा. ही दगडं घातली, ती तुमच्या डोळ्यांदेखत घातली का पाठीमागं? तुम्ही तवा कुठं हुता?"

मी तोंड उघडलं. दुसरं वाक्य मला पाठ होतं. तेवढ्यात हिंदुराव सगळ्यांकडे वळून म्हणाले, "न्हाई, म्हंजे ऐका. ह्या जर तिथं न्हवत्याच, तर ह्येंचं समदं लिखाणच खोटं. तांबडी माती हाय हे तरी कशावरनं खरं धरायचं? माझ्या गावच्या बायका तीन वर्सं दारात झोपत्यात. कुणीतरी पोर उठून म्हनती थांबा, आन आमी थांबायचं? मग पयला अहवाल धरतो आन उद्या कुदळ मारतो."

सभागृहात माना हलल्या. सर माझ्याकडे बघत होते.

"ताई तितंच हुत्या."

आवाज दारातून आला होता. मामा दोन पावलं पुढे आले. टोपी हातात होती.

"मशीनपाशीच हुत्या. वयीत लिवत हुत्या. त्येंची पाठ फिरली तवा म्या दगडं घातली. मोकळी पेटी दिसली तर माजं नाव खराब हुईल म्हून घातली. काल त्येंनीच पकडलं मला." मग ते म्हणाले, "पानी तांबडं आलं हुतं. ते म्या डोळ्यानं बगितलंय. तिथं माती हाय."

"काय वो म्याडम?" हिंदुराव म्हणाले. "खरं हाय हे?"

मी टेबलावरच्या हिरव्या बनातीकडे बघत होते. तिला एके ठिकाणी चहाचा डाग पडला होता. मी मान हलवली. होकारार्थी.

बस, एवढंच. नंतर सर मामांवर ओरडले. मी त्यांना असं ओरडताना आधी कधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. "बावीस वर्षं तुझ्या पेटीवर डोळे मिटून विश्वास टाकला मी! किती ठिकाणी असे दगड भरलेस, सांग! धरणाच्या कामावर भरलेस? पुलाच्या भरलेस?" मामा म्हणाले, "न्हाई सायब. ह्येच." सरांनी ते ऐकून घेतलं नाही. आजच्या आज मशीनवरून उतर, असं सांगितलं. मग हिंदुरावांना म्हणाले, "पंधरा दिवस द्या. त्याच भोकाशेजारी दोन हातांवर नवीन भोक पाडतो, माझ्या खर्चाने." हिंदुराव बराच वेळ पेटीकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दिले. पंद्राच्या वर एक न्हाई."

दुपारी विश्रामगृहामागे मामा वळकटी बांधत होते. मी गेले. काय बोलावं ते ठरवून गेले नव्हते.

"मामा, मी सांगणार होते. माझ्या तोंडावर आलं होतं."

"ठावं हाय मला."

"अजून सांगते. सर आत आहेत. आत्ता जाऊन सांगते."

मामांनी सुतळीला गाठ मारली आणि ती ओढून पाहिली. "आन मग? निकमसायब काय म्हनलं ते ऐकलं न्हवं? तुम्ही तिथं न्हवता हे कळलं तर तुमचा सबुद कोन धरंल? नवं भोक कशाला पाडतील? उद्या कुदळ पडंल. माजं काय, ज्ञानू लोहार लबाड निगाला तर येक ज्ञानू लोहार गेला. तुम्ही लबाड निगाला तर समदं गाव त्या साबनावर जाऊन बसंल." ते थोडं हसले. "तुमीच सांगितलंत न्हवं का पाटाचं?"

"पण तुम्ही हे माझ्यासाठी केलं होतं."

"केलं हुतं. चुकलं. पोटात दुखतंय म्हून कुनी आसं करतं व्हय? दुसरं काय सुचलं न्हाई." त्यांनी वळकटी खांद्यावर टाकली. "ताई, नव्या मशीनवर ऱ्हाताना येक करा. चार बांबू आन बारदान मागून घ्या, आडोसा करा. लाजू नगा. म्याच करून द्याया पायजे हुता, पर माज्या डोक्यात आलं न्हाई."

ते फाटकातून बाहेर पडून एसटीच्या रस्त्याला लागले. मी तशीच उभी राहिले, आणि सांगायला शरम वाटते, पण मला हलकं वाटलं. मामांनी मला कारण देऊन ठेवलं होतं. मी गप्प बसले ती गावासाठी. ते कारण खरंही होतं. फक्त मी मान हलवली तेव्हा ते माझ्या डोक्यात नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात सरांचं ते हसणं होतं, बघू किती दिवस टिकते. आणि वीस पुरुषांसमोर मला सांगावं लागलं असतं की मी कुठे गेले होते आणि कशासाठी.

नवं भोक पाडायला कोल्हापूरहून दुसरा ड्रिलर आला. मी पहिल्याच दिवशी बांबू आणि बारदान मागितलं. अर्ध्या तासात आडोसा उभा राहिला, कोणी तोंड वाकडं केलं नाही की हसलं नाही. मी सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत मशीनपाशी उभी असायचे. नवव्या दिवशी परत येणारं पाणी लाल झालं. या वेळी मशीन हळू चालवलं, पाणी कमी सोडलं आणि नळी हलक्या हाताने वर घेतली. सतरा मीटर दहापासून सतरा मीटर ऐंशीपर्यंत तांबडी माती. नखाने खरवडली तर निघत होती आणि बोटांवर चिकटत होती. मामांनी दीड हात सांगितलं होतं, ते बरोबर निघालं.

वसाहत नदीच्या अलीकडे, शाळेमागच्या सपाट माळावर झाली. त्यापायी वर्षभर उशीर झाला. सोनघळचे लोक काही दिवस मला शिव्या देत होते. नंतर विसरले. कारवीचा उतार आज आहे तसाच आहे. मोठा धक्का आलेला नाही, तेव्हा तो सुटला असता की नसता हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. आमच्या धंद्यात असंच असतं. माझं मात्र नाव झालं. टाकाऊ कांडी पकडणारी वाळिंबे म्हणून पुण्यात मला ओळखायला लागले. पुढे मोठी कामं मिळाली, समित्यांवर गेले. मामांना पुन्हा कोणी मशीनवर घेतलं नाही. ड्रिलरांचं जग लहान असतं, चार दिवसांत सगळ्यांना कळलं. ते कराडकडे एका खडी फोडण्याच्या कारखान्यात लागले असं मी ऐकलं. पत्ता दोनदा मिळाला होता. मी गेले नाही.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. गावासाठी गप्प बसले, असं म्हणून माणसाला पुष्कळ वर्षं काढता येतात. पण मधे एक दुपार आहे.

नवं भोक होऊन आठवडा झाला होता. जागा बदलायचा ठराव झाला होता, हिंदुरावांनी सही केली होती. पुण्यात सरांच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. सर येरझारा घालत शेवटचा अहवाल सांगत होते आणि मी लिहून घेत होते.

"'दुसऱ्या भोकातील सतरा ते साडेअठरा मीटर या भागात ड्रिलर ज्ञानू लोहार याने अप्रामाणिकपणे अन्य ठिकाणचा दगड भरला होता.' लिहिलंस?"

"हो, सर."

"'त्या वेळी भूवैज्ञानिक...'" सर थांबले. खिडकीपाशी गेले आणि तिथून वळले. "हे वाक्य तू पूर्ण कर, अनघा."

मी वर पाहिलं.

"माती सापडलीय," ते म्हणाले. "गाव दुसरीकडे जातंय. आता या वाक्यात काहीही लिहिलं तरी सोनघळचं काही बिघडत नाही. फार तर तुला मी चार शब्द सुनावीन. ज्ञानूला मी बावीस वर्षं ओळखतो. नावासाठी दगड भरणारा तो माणूस नाही. म्हणून विचारतो. त्या वेळी भूवैज्ञानिक?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. जपून विचारत होते. मी 'नव्हती' म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी त्यांनी मामांना बोलावणं धाडलं असतं, याची मला खात्री आहे.

"हजर होती," मी म्हणाले.

 सरांनी खुर्चीवर बसून चष्मा घातला.

"बरं," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं.